चालकाची मजुरी हिशेबात सर्वांत शेवटी

डिझेल, टोल, विमा आणि कर्जाचा हप्ता यांतील एकही रक्कम ट्रकमालकाला ठरवता येत नाही. कमी-जास्त करता येते ती फक्त चालकाची मजुरी आणि त्याचा वेळ. मालवाहतुकीचा खर्च कमी करण्याचे राष्ट्रीय धोरण या वस्तुस्थितीकडे अद्याप वळलेले नाही.

कर्नाटक सरकारने १ एप्रिल २०२५ रोजी डिझेलवरील विक्रीकर १८.४४ टक्क्यांवरून २१.१७ टक्क्यांवर नेला आणि बेंगळुरूत डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी महागून ९१ रुपयांच्या वर गेले. त्याआधी जून २०२४ मध्ये हाच कर १४.३४ टक्क्यांवरून १८.४४ टक्के झाला होता. म्हणजे दहा महिन्यांत लिटरमागे सुमारे पाच रुपयांची भर पडली. राज्यातील लॉरीमालकांच्या महासंघाने १४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून बेमुदत संप पुकारला. डिझेलची दरवाढ मागे घ्यावी, राज्य महामार्गांवरील टोल बंद करावा, सीमेवरील परिवहन खात्याचे तपासणी नाके हटवावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शेजारच्या राज्यांच्या तुलनेत आपल्याकडे डिझेल अजूनही स्वस्त आहे आणि नोव्हेंबर २०२१ पूर्वी हा कर २४ टक्के होता, याची आठवण सरकारने करून दिली. चर्चा झाल्या, आश्वासने दिली गेली आणि काही दिवसांतच संप मागे घेण्यात आला.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. संप मालकांचा होता, त्यामुळे प्रमुख मागण्यांमध्ये चालकाच्या पगाराला स्थान असण्याचे कारण नव्हते. तरीही डिझेलचा हा पाच रुपयांचा बोजा अखेर कोणाच्या खिशातून जातो, हे पाहिल्याशिवाय या संपाचा अर्थ लागत नाही. तो पाहण्यासाठी बेंगळुरूचे पूर्वेकडील उपनगर व्हाइटफील्ड ही सोयीची जागा आहे.

मराठी मध्यमवर्गाला व्हाइटफील्ड माहीत आहे ते माहिती तंत्रज्ञानामुळे. पुण्या-नागपुरातून बेंगळुरूला गेलेल्या अभियंत्यांपैकी अनेकांचा पहिला पत्ता इथल्याच एखाद्या वसाहतीतला असतो. काचेच्या इमारती, टेक पार्क आणि मार्च २०२३ मध्ये कडुगोडीपर्यंत पोहोचलेली मेट्रो ही या उपनगराची एक बाजू. दुसरी बाजू रेल्वेरुळांलगत आहे. देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ मध्ये बेंगळुरूत सुरू झाला. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली आणि आज तिचा बेंगळुरूचा डेपो व्हाइटफील्डमध्ये आहे. बंदर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराला इथेच सीमाशुल्काची मोहोर मिळते. त्याच पट्ट्यात रेल्वेचा मालधक्का आहे. थोडे पुढे देवनगोंथीला तेल कंपन्यांचे साठे आहेत. होसकोटे, मालूर, नरसापूर या दिशेला गोदामे आणि कारखाने पसरले आहेत. चेन्नई बंदराकडे जाणारा महामार्ग इथूनच निघतो. चाकणचे सुटे भाग, कोल्हापूरच्या फाउंड्रीतील ओतकाम, इचलकरंजीचे कापड घेऊन पुणे-बेंगळुरू महामार्गाने उतरणाऱ्या गाड्यांपैकी अनेकांना याच पूर्व पट्ट्यात माल उतरवायचा असतो.

आता एका फेरीचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण कोणत्याही गाडीमालकाला ते ओळखीचे वाटतील. व्हाइटफील्ड ते भिवंडी हे अंतर ढोबळमानाने हजार किलोमीटर. भरलेली अवजड गाडी लिटरला चार किलोमीटर जाते असे धरले, तर अडीचशे लिटर डिझेल लागेल. ९१ रुपयांच्या भावाने ते पावणेतेवीस हजार रुपयांचे होते. लिटरमागे पाच रुपये वाढले की एका दिशेच्या प्रवासात साडेबाराशे रुपये अधिक जातात. चालकाला या फेरीचे तीन हजार रुपये मिळतात असे समजा. म्हणजे दहा महिन्यांतील करवाढीने जो खर्च वाढवला तो चालकाच्या फेरीच्या मजुरीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. भाडे तेवढ्याच प्रमाणात वाढले नाही, तर मालक ही रक्कम कुठून काढणार?

डिझेलखेरीजचे खर्च तर आणखी ताठर आहेत. राष्ट्रीय महामार्गांवरील टोल २००८ च्या नियमांनुसार दर वर्षी आपोआप वाढतो. त्यात तीन टक्क्यांची वाढ निश्चित असते आणि घाऊक महागाईच्या चाळीस टक्के भर त्यावर पडते. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सरकार ठरवते. ४० टनांहून अधिक वजनाच्या मालवाहनासाठी जून २०२२ मध्ये तो ४४,२४२ रुपये ठरला. गाडीच्या कर्जाचा हप्ता बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तारखेला जातो, गाडी उभी असो वा धावत असो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची इंजिने आली. त्यांचा धूर कमी, हे चांगलेच झाले, पण गाडीची किंमत वाढली आणि डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही भरावे लागू लागले. टोल सरकारी सूत्राने वाढतो, विमा सरकारी अधिसूचनेने आणि डिझेल सरकारी कराने. भाड्याला मात्र असे कोणतेही सूत्र नाही. ते रोज बाजारात ठरते.

हा बाजार कसा आहे? देशांतर्गत मालाचा सुमारे ७० टक्के भाग रस्त्याने जातो. ही वाहतूक करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मालक पाच किंवा त्याहून कमी गाड्यांचे धनी आहेत. अनेक जण एकाच गाडीचे मालक आणि स्वतःच चालक. त्यांना माल थेट कारखान्याकडून मिळत नाही. कारखान्याचा करार मोठ्या वाहतूक कंपनीशी, ती कंपनी काम देते लहान ट्रान्सपोर्टवाल्याला, तो दलालाला आणि दलाल गाडीवाल्याला. प्रत्येक पायरीवर काही रक्कम गळते. माल नेऊन पोहोचवलेल्या गाडीला परतीचे भाडे हवेच असते, कारण रिकामी गाडी परत आणणे म्हणजे पदरचे डिझेल जाळणे. दलालाला हे ठाऊक असते. त्यामुळे परतीच्या मालाचे भाडे पुष्कळदा डिझेल-टोल निघेल एवढ्यावरच ठरते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने गाड्यांची परवानगीप्राप्त वजनमर्यादा वाढवली. दोन आसांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर, तीन आसांचा २५ वरून २८.५ टनांवर गेला. ओव्हरलोडिंगला आळा बसावा आणि खर्च कमी व्हावा हा हेतू रास्तच होता. पण त्या निर्णयाने रस्त्यावर एकही नवी गाडी न येता देशाची वाहतूकक्षमता वाढली आणि आधीच गाड्यांची गर्दी असलेल्या बाजारात भाड्याची घासाघीस आणखी तीव्र झाली.

अशा बाजारात चालकाची मजुरी ही हिशेबातील शेवटची ओळ असते. मालक निष्ठुर असतो म्हणून असे घडते असे नाही, वरच्या सगळ्या ओळी आधीच छापलेल्या असतात म्हणून घडते. मासिक पगार, भविष्यनिर्वाह निधी, विमा या गोष्टी मोठ्या कंपन्यांच्या काही चालकांच्या वाट्याला येतात. बाकीच्यांचा व्यवहार फेरीवर, किलोमीटरवर किंवा भाड्याच्या टक्केवारीवर चालतो. निघताना ट्रिपखर्च म्हणून ठोक रक्कम हातात दिली जाते. त्यात जेवणखाण, किरकोळ दुरुस्ती, हमाली आणि वाटेतील ‘देणीघेणी’ भागवायची, उरेल ते त्याचे. या देणीघेणींचा आवाका लहान नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रकचालकांच्या पाहणीत, रस्त्यावरील लाचेची वार्षिक रक्कम सुमारे ४८ हजार कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला होता. त्याच पाहणीत ८४ टक्के चालकांनी, आपल्या आप्तेष्टांना हा व्यवसाय सुचवणार नाही, असे सांगितले होते. चालक मिळत नाहीत ही मालकांची तक्रार आता नेहमीची झाली आहे. तिचे कारण या ८४ टक्क्यांत शोधायला हवे.

ट्रिपखर्चाच्या पद्धतीचा खरा तोटा मात्र पैशांपेक्षा वेळेत आहे. फेरीची रक्कम ठरलेली असते, फेरीला लागणारा वेळ ठरलेला नसतो. वरच्याच उदाहरणात दोन दिवसांत गाडी पोहोचली तर चालकाला दिवसाला दीड हजार पडतात. माल उतरवायला एक दिवस आणि परतीच्या मालाची वाट पाहण्यात आणखी एक दिवस गेला, तर तेच साडेसातशे होतात. व्हाइटफील्डला हा थांबा कसा घडतो? बेंगळुरूत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. वाहतुकीच्या कोंडीने हैराण झालेल्या शहराने असा नियम करणे समजण्यासारखे आहे. पण गाडीने थांबायचे कुठे, याचे उत्तर नियमात नसते. शहराचे मोठे ट्रक टर्मिनल पश्चिमेला यशवंतपूरला, आणि डेपो, गोदामे पूर्वेला. मग गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, रहिवासी तक्रार करतात आणि दंडाचे ई-चलन गाडीच्या नावावर लागते. डेपोच्या दारात कागदपत्रांची पूर्तता, सीमाशुल्क तपासणी, क्रेनची वेळ. गोदामाच्या दारात आधी आलेल्या गाड्यांची रांग. या प्रत्येक ठिकाणी कोणाचा ना कोणाचा पैसा वाचतो. गोदामवाल्याला जादा धक्के बांधावे लागत नाहीत, कारखान्याला साठा ठेवावा लागत नाही. उभी असलेली गाडी हेच त्यांचे फिरते गोदाम. त्याचे भाडे चालक आपल्या दिवसांनी भरतो.

ही तक्रार महाराष्ट्रातही जुनीच आहे. माल भरण्या-उतरण्याचा खर्च म्हणजे ‘वाराई’ गाडीवाल्याच्या माथी मारण्याची प्रथा इथे वर्षानुवर्षे चालत आली. तिच्याविरुद्ध कोल्हापूरच्या लॉरीचालकांसह राज्यातील वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी मोहीम चालवली. घोषणा नेमकी आहे. ती हमालीपुरती न ठेवता थांबण्याच्या वेळेलाही लावायला हवी, इतकेच. ज्याचा माल, त्यानेच थांबण्याचे पैसे द्यावेत. कंटेनर वेळेत परत न केल्यास जहाज कंपनी दिवसाच्या हिशेबाने दंड घेते आणि त्याबद्दल कोणी आश्चर्य व्यक्त करत नाही. लोखंडी पेटीच्या वेळेला किंमत आहे. ती वाहून नेणाऱ्या माणसाच्या वेळेला नाही.

चालकांसाठी सरकारने काहीच केलेले नाही असे म्हणता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. (व्हाइटफील्डहून जवळच असलेल्या होसकोटे येथे व्होल्वोने ट्रकनिर्मिती सुरू केली ती १९९८ मध्ये. आधुनिक, थंड केबिन म्हणजे काय हे तिथल्या मालवाहतूकदारांना तेव्हाच कळले होते. नियम यायला पाव शतक जावे लागले.) महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रामगृहे उभारण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ या नावाने निवास सुरू केले आहेत. कर्नाटकाने २०२४ मध्ये मोटार वाहतूक कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा करून नव्या वाहनांच्या नोंदणीवर उपकर बसवला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण फेरीवर पैसे मिळणारा माणूस विश्रामगृहात झोपला तर झोपेच्या तासांचे पैसे त्याला कोणी देत नाही. झोप ही त्याच्यासाठी कमाईतील कपात आहे. खाट देणे सोपे, तिच्यावर आडवे होण्याची मुभा देणे अवघड.

मुभा देणारा कायदा आपल्याकडे १९६१ पासून होता, हे अनेकांना ठाऊक नसते. मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ इतके मर्यादित केले. लांब पल्ल्यासाठी विशेष परवानगीने दहा आणि ५४ तासांची सवलत ठेवली. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होता. त्याहून लहान व्यवसायांना तो लागू करण्याचा अधिकार राज्यांकडे होता. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास प्रत्येक मालवाहनाच्या चालकाला लागू केले आणि ते आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. एवढ्या तरतुदी असूनही अंमलबजावणी जवळपास शून्य राहिली. कर्नाटकात संप झाला त्याच एप्रिल २०२५ मध्ये, रस्ते सुरक्षेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या या दुर्लक्षावर बोट ठेवले आणि केंद्राने राज्यांबरोबर बैठका घेऊन यंत्रणा उभारावी, असे सांगितले.

त्यानंतर सात महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. या संहितेत मोटार वाहतूक व्यवसायासाठी कामगारसंख्येची अट पाचवरून दहा झाली आहे. ज्या क्षेत्रात बहुसंख्य मालकांकडे पाचही गाड्या नाहीत, तिथे दहाची अट म्हणजे दार जवळजवळ बंद करणेच होय. कलम ९१ चा संदर्भ आजही ज्या कायद्याकडे जातो, तो कायदाच आता उरलेला नाही. जुन्या संदर्भाच्या जागी नवी संहिता वाचावी, असे कायदेपंडित सांगतील आणि ते बरोबरही असेल. पण दोन चालक ठेवणाऱ्या मालकाच्या बाबतीत आठ तासांचा नियम आता नक्की कुठून काढायचा, हा प्रश्न न्यायालयात जाण्याआधीच सरकारने सोडवायला हवा. वेतन संहितेला कामगारसंख्येची अशी अट नाही. किमान वेतन सर्वांनाच लागू आहे. तथापि, तास मोजलेच नाहीत तर किमान वेतन मिळाले की नाही हे ठरवायचे कशावरून?

तास मोजणे अशक्य आहे, गाडी तर रानोमाळ फिरत असते, असा युक्तिवाद पूर्वी होत असे. आता तो टिकत नाही. मालाच्या बाबतीत सरकार तास-दिवस काटेकोरपणे मोजते. एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ई-वे बिलाची मुदत आज दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. म्हणजे व्हाइटफील्ड ते भिवंडी प्रवासाला कायद्याने मालाला पाच दिवस दिले आहेत. हाच प्रवास चालकाने दोन दिवसांत करावा, अशी बाजाराची अपेक्षा असते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली याची नोंद मिनिटासह उपलब्ध आहे, आणि करचुकवेगिरी पकडण्यासाठी ती ई-वे बिलाशी जोडलीही गेली आहे. डेपो आणि मोठ्या गोदामांच्या फाटकांवर गाडी आत येण्या-जाण्याच्या वेळा संगणकात असतातच. चालक सलग किती तास गाडी चालवत होता आणि किती तास फाटकाबाहेर ताटकळत होता, हे सांगू शकणारी माहिती देशाकडे आहे. ती त्या कामासाठी वापरायची आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

भाडे आणि मजुरी यांची सांगड कायद्याने घालता येते का? दक्षिण कोरियाने हा प्रयोग केला, आणि तोही कंटेनरवरच. २०२० पासून तीन वर्षांसाठी तिथे कंटेनर व सिमेंटच्या वाहतुकीला ‘सुरक्षित भाडे’ ठरवून देण्यात आले. इंधन, देखभाल आणि चालकाची मजुरी धरून किमान भाडे निश्चित करायचे आणि ते देण्याची जबाबदारी मालाच्या मालकावरही टाकायची, अशी ही व्यवस्था. २०२२ च्या अखेरीस मुदत संपली आणि ती टिकावी म्हणून ट्रकचालकांनी मोठे संप केले. सरकार बधले नाही. मात्र २०२५ मध्ये तिथल्या संसदेने ही व्यवस्था पुन्हा आणली. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये याच हेतूने लवाद स्थापन केला, २०१६ मध्ये तो मोडीत काढला आणि २०२४ मध्ये वेगळ्या स्वरूपात किमान निकष ठरवण्याचा अधिकार पुन्हा आपल्या श्रम आयोगाला दिला. दोन्ही देशांत उद्योगांचा विरोध होता, आजही आहे. भारतात देशभरासाठी किमान भाडे ठरवणे सध्या तरी व्यवहार्य वाटत नाही. इतके विखुरलेले मालक, इतक्या प्रकारचे माल आणि परतीच्या भाड्याची अशी मारामारी असताना ठरवलेले भाडे कागदावरच राहील, अशी भीती रास्त आहे. पण कंटेनरच्या बाबतीत ही अडचण पुष्कळ कमी आहे. मार्ग ठरलेले, पेटी प्रमाणित, फाटके मोजकी आणि व्यवहार बहुतांशी नोंदलेले.

आक्षेप येईल तो महागाईचा. राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले तेव्हा देशाचा वाहतूक-साठवण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के असल्याचे सांगितले जात होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालाने २०२३-२४ साठी तो सुमारे आठ टक्के असल्याचे दाखवून दिले. म्हणजे आपण समजत होतो तेवढे महाग नव्हतोच. आणि न दिलेली मजुरी खर्चात दिसत नाही, हेही या आठ टक्क्यांकडे पाहताना ध्यानात ठेवावे. वीस टन मालाच्या फेरीत चालकाला एक हजार रुपये अधिक दिले, तर किलोमागे पाच पैसे वाढतात. नरसापुरात जोडणी होऊन निघणाऱ्या महागड्या फोनच्या किमतीत हे पाच पैसे शोधूनही सापडणार नाहीत. कांद्या-बटाट्यातही ते दलालीच्या एका फेऱ्यात विरून जातील.

जानेवारी २०२४ मध्ये चालक स्वतः रस्त्यावर उतरले होते. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली, तिच्याविरुद्धचा तो संप होता. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि केंद्राने दोन दिवसांत वाटाघाटी केल्या. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तेव्हा ते उपकलम स्थगित ठेवण्यात आले. चालक एकत्र येऊ शकतात आणि सरकार त्यांचे ऐकू शकते, हे त्या दोन दिवसांत दिसले. कामाच्या तासांवर मात्र असा संप झालेला नाही. ज्याची कमाई फेरीवर अवलंबून आहे त्याला तास कमी करून मागणे म्हणजे स्वतःचेच पोट आवळणे वाटते. म्हणूनच तासांची मर्यादा आणि थांबण्याच्या वेळेचा मोबदला या दोन गोष्टी एकत्रच आणाव्या लागतील. पहिली एकटी आणली तर चालकच तिला विरोध करतील.

राज्यांनी संहितांखालील नियम ठरवताना यातील पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. दहाहून कमी कामगारांच्या वाहतूक व्यवसायांसाठी कामाच्या तासांची स्पष्ट तरतूद, कलम ९१ खालील नोंदवहीच्या जागी फास्टॅगची नोंद, आणि फाटकावर ठरावीक तासांनंतर मालाच्या मालकाकडून वसूल होणारे थांबाशुल्क, ज्याचा ठरलेला हिस्सा थेट चालकाच्या खात्यात जाईल. सुरुवात सरकारी मालकीच्या फाटकांपासून करता येईल, कारण तिथे खासगी उद्योगाची संमती मागावी लागत नाही. व्हाइटफील्डचा कंटेनर डेपो केंद्राच्या कंपनीचा आहे, महाराष्ट्रात न्हावा शेवाचे बंदर प्राधिकरणही केंद्राचेच. या दोन फाटकांवर गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे संगणकाला आजही ठाऊक आहे.